शोक व्यक्त करताना: नागपूरच्या लोकप्रतिनिधींसाठी
दुर्घटना घडली की पुढाऱ्याने लगेच बोलावे अशी लोकांची अपेक्षा असते. तरीही आधी मृताचे नाव, वय आणि गाव घरच्यांकडून पडताळून घ्यावे, कारण 'कधीही न भरून निघणारी पोकळी' हे ठरीव वाक्य लोक एक वेळ चालवून घेतात, चुकलेले आडनाव मात्र विसरत नाहीत. मोक्षधाम किंवा गंगाबाई घाट या स्मशानभूमींवर शोकसभेत बोलायची वेळ आली, तर दोन मिनिटांत थांबावे आणि मृताची एखादी खरी आठवण सांगावी, मग ती रोजच्या टपरीवरच्या तर्री-पोह्यांची का असेना. रडू आल्यास आवरण्याचा आटापिटा नको; न आल्यास आणूही नये, कॅमेऱ्याला ते कळते.

शासनाकडे बोट जाते तेव्हा शब्द पुरत नाहीत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आदिवासी दर्जा मागत आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला होता. सीताबर्डीच्या गोवारी स्मारकावर जाणाऱ्याने हार घालून लगेच मोटारीत बसू नये. मागे उभ्या असलेल्या नातेवाइकांशी आधी बोलावे.