रेसिंग सिम्युलेटर: कोणता घ्यावा आणि कुणाबरोबर खेळावा

वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी घरांत गिअर, ब्रेक, सस्पेन्शन हे शब्द जेवणाच्या ताटावरही सहज निघतात. त्यामुळे रेसिंग सिम्युलेटरची, म्हणजे खऱ्या मोटार शर्यतीसारखे चालवायला लावणाऱ्या संगणकावरील खेळाची, ओढ आपल्याकडच्या मुलांना लागली, तर त्यात नवल नाही. मात्र हा छंद सुरू करू पाहणारा जवळपास प्रत्येक जण मला पहिला प्रश्न विचारतो तो ग्राफिक्सचा, आणि माझे उत्तर दर वेळी एका उलट प्रश्नाने सुरू होते: तुम्ही दिवसातून नेमके कोणत्या वेळी मोकळे असता? ऑनलाइन शर्यतीची खरी गोडी सोबत धावणाऱ्या माणसांत असते. ज्या सिम्युलेटरवर तुमच्या वेळेला नीट चालवणारी वीस माणसे भेटत नाहीत, तो कितीही देखणा असला तरी महिनाभरात धूळ खात पडतो.

वेळेचे गणित आधी समजून घ्यावे. या खेळातील सर्वांत मोठी गर्दी युरोपात आहे आणि तिथली रात्री आठची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, तर हिवाळ्यात साडेबारा. आपण रात्री नऊला जेवण आटोपून बसतो तेव्हा तिकडे जेमतेम दुपार कलंडलेली असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्या वेळी सर्व्हर थोडे विरळ वाटतात. शनिवारी आणि रविवारी मात्र हीच वेळ उत्तम ठरते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री आठची गर्दी आपल्याला पहाटे साडेपाच-साडेसहाला मिळते. मे महिन्यात, दुपारी खोली तापण्याआधी खेळायचे असेल, तर ही पहाटेची वेळ मला सर्वांत सुखाची वाटते.

आता निवडीकडे वळू. जो शिस्तीने शिकू इच्छितो आणि दरमहा खर्च करू शकतो, त्याच्यासाठी २००८ पासून सुरू असलेला आयरेसिंग अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. त्यात सभासदत्व घ्यावे लागते, पुढे वाढीव गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि हे सारे डॉलरमध्ये असल्याने आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात. त्या बदल्यात दिवसभर ठरलेल्या वेळी शर्यती मिळतात आणि प्रत्येक चालकाचे दोन प्रकारे मोजमाप होते: एक वेगाचे, दुसरे सुरक्षित चालवण्याचे. ट्रॅकबाहेर गेल्यास १, ताबा सुटल्यास २ आणि दुसऱ्या गाडीशी जोरदार टक्कर झाल्यास ४ गुण तुमच्या नावावर चढतात. चूक कोणाची हे यंत्रणा ठरवत बसत नाही. धडकणाऱ्याला आणि ज्याला धडक बसली त्याला सारखेच गुण लागतात. नवख्याला हा अन्याय वाटतो, पण याच नियमामुळे माणूस दुसऱ्याची संभाव्य चूक आधीच ओळखून जागा सोडायला शिकतो, म्हणून मी या नियमाच्या बाजूने आहे. सुरुवातीची माझदा एमएक्स-५ ही गाडी सभासदत्वातच मिळते आणि तिच्यावर दोन-तीन महिने काढण्यात काहीही कमीपणा नाही.

एकदाच पैसे भरून मोकळे व्हायचे असेल, तर २०१९ मध्ये आलेला असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने घ्यावा. तो मुख्यतः जीटी३ वर्गाच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या, गाड्यांपुरता आहे, पण त्या गाड्यांचे वजन, टायरची पकड आणि आवाज यांवर फार मन लावून काम झालेले आहे, आणि मोंझा, स्पा यांसारखे ट्रॅक मूळ खेळातच येतात. त्यातील खुल्या सर्व्हरवर पहिल्या वळणाला फार धडकाधडकी होते, म्हणून लो फ्यूएल मोटरस्पोर्ट या विनामूल्य व्यासपीठावर नोंदणी करावी. तिथे ठरलेल्या वेळी आणि बरोबरीच्या चालकांत शर्यती लागतात. संगणक जुना असेल आणि लातूर, नांदेड, परभणीला विखुरलेल्या मित्रांनी मिळून स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल, तर २०१४ चा मूळ असेटो कोर्सा आजही पुरतो. चाहत्यांनी बनवलेले असंख्य ट्रॅक त्यात घालता येतात. २०११ ते २०१३ या काळात जिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, ते ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किटही त्यांत आहे. प्लेस्टेशन असणाऱ्याने ग्रान टुरिस्मो ७ घ्यावा. त्यात साध्या कंट्रोलरवरही नीट चालवता येते, मात्र ऑनलाइन शर्यतींसाठी प्लेस्टेशन प्लसचे सभासदत्व लागते आणि डिस्कवर शंभर जीबीहून अधिक जागा मोकळी ठेवावी लागते. चार-सहा तासांच्या शर्यतींचे वेड असेल, तर ले मान्स अल्टिमेट आहे. रेसरूम फुकट सुरू करता येतो, त्यामुळे हा छंद आपल्याला रुचतो का हे आजमावण्यासाठी तो चांगला.

इंटरनेटच्या बाबतीत लोक वेगाच्या आकड्यामागे लागतात, पण शर्यत चालू असताना डेटा फारच थोडा लागतो. महत्त्वाचा असतो तो पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी १५० मिलिसेकंदांत ८ मीटरहून अधिक पुढे सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास पावणेदोन पट. मधल्या काळात समोरची गाडी कुठे असेल, याचा अंदाज तुमचा संगणक बांधत असतो. पिंग स्थिर असेल तर हा अंदाज बरोबर येतो, आणि तो सतत वरखाली होत असेल तर समोरची गाडी उड्या मारू लागते. म्हणून दूरच्या युरोपीय सर्व्हरवर १५० चा स्थिर पिंग चालेल, पण ६० आणि २०० यांच्यात हेलकावणारा चालणार नाही. वाय-फायवर विसंबू नये. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती सिग्नल खातात, तेव्हा राउटरपासून संगणकापर्यंत सरळ लॅनची वायर ओढावी आणि शर्यतीच्या तासाभरात घरातील कोणी मोठे डाउनलोड लावू नये, अशी विनंती करून ठेवावी.

विजेचा प्रश्न आपल्याकडे कुणीही गृहीत धरू नये. मी एकदा पंचेचाळीस मिनिटांच्या शर्यतीत अडतिसाव्या मिनिटाला पाचव्या क्रमांकावर होतो. वीज गेली, संगणक इन्व्हर्टरवर जराही न डगमगता चालू राहिला, पण राउटरची जोडणी इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हती. तो पुन्हा सुरू होऊन जोडला जाईपर्यंत शर्यत माझ्याविना संपली होती. तेव्हापासून राउटरला १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस लावलेला आहे, आणि या छंदासाठी केलेल्या खर्चांपैकी तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचा घ्यावा, कारण चौकोनी लहरीवर अनेक नव्या संगणकांचे पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत. आणि त्यावर यूपीएस मोडचे बटन असेल तर ते चालू ठेवावे, म्हणजे बदल झटकन होऊन संगणक बंद पडत नाही. कूलरसमोर संगणक ठेवण्याची चूकही टाळावी. त्या दमट हवेत बारीक धूळ चिकटून बसते.

आता उपकरणांकडे वळू. इथे माझे मत ठाम आहे: पैसे मोजके असतील तर ते स्टीअरिंगपेक्षा ब्रेकवर घालावेत. लॉजिटेक जी२९ सारखे गिअरवर चालणारे व्हील सुमारे २ न्यूटन-मीटर जोर देते, तर मोझा आर५ सारखे थेट विजेच्या मोटरवर बसवलेले व्हील ५.५ पर्यंत देते, आणि हा फरक हाताला लगेच जाणवतो. पण लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, वेळ सर्वाधिक वाया जातो तो ब्रेकवर. साधे ब्रेक पेडल किती आत गेले हे मोजते, तर लोड सेलचे पेडल किती जोराने दाबले हे मोजते. आणि आपला पाय अंतरापेक्षा जोर अधिक नेमका लक्षात ठेवतो. जुने व्हील विकत घेत असाल तर संगणकाला जोडून, पेडलची पट्टी पडद्यावर उघडून, ब्रेक अतिशय सावकाश दाबून पाहावा. पट्टी एकसारखी वर चढली पाहिजे. मध्येच ती थरथरली किंवा पाय काढल्यावरही थोडी उरली, तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे पेडलची हालचाल मोजणाऱ्या भागात, धूळ गेलेली असते. ती साफ करता येते, पण किंमत त्या हिशेबाने करावी.

पाय जोरात पडला की चाकांची खुर्ची मागे पळते आणि पेडल पुढे सरकते. महागडे कॉकपिट मागवण्याआधी जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जावे. चौकोनी पाइपाचा स्टँड वेल्डिंग करून देणारे कारागीर आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहेत, आणि भंगारातून मिळालेली जुन्या मोटारीची सीट त्यावर बोल्टने बसवली की काम होते. मापे मात्र स्वतः बसून घ्यावीत: पेडल पूर्ण दाबलेले असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खाली रबराची जाड मॅट टाकावी, नाहीतर रात्री स्लॅबखालच्या बिऱ्हाडाला प्रत्येक ब्रेक ऐकू जातो.

पडदा डोळ्यांच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा आणि खेळातील दृश्यकोनाचा (फील्ड ऑफ व्ह्यू) आकडा, म्हणजे पडद्यावर किती अंशांचे दृश्य दिसावे तो, मापाने भरावा. २४ इंची पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर उभा कोन सुमारे २८ अंश येतो. सुरुवातीला चित्र फार जवळ आणि वेग कमी भासतो, पण वळणापर्यंतचे अंतर खरे दिसू लागते. चार दिवस सोसावे, मग सवय होते.

ब्रेकचा सराव मोंझाच्या पहिल्या चिकेनवर, म्हणजे वेग उतरवायला लावणाऱ्या लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर, करावा. गावाकडे ट्रॅक्टर किंवा जीप चालवलेल्या माणसाचा पाय रस्त्याच्या सवयीने आधी हलका आणि शेवटी जड पडतो. शर्यतीत नेमके उलटे करायचे असते. लांबच लांब सरळ पट्ट्यावरून गाडी येते तेव्हा वाऱ्याचा दाब तिला जमिनीवर सर्वाधिक दाबून धरत असतो, म्हणून स्टीअरिंग सरळ ठेवून पहिल्याच क्षणी पूर्ण जोराने दाबावे. वेग उतरतो तसा तो दाब ओसरतो आणि टायरची पकड घटते, म्हणून पायही हळूहळू सोडत यावे. वळायला सुरुवात केल्यावर थोडासा ब्रेक शिल्लक असावा. त्याने वजन पुढच्या चाकांवर राहते आणि नाक आत वळते. टायरजवळ पकड मर्यादित असते, आणि ती ब्रेक व वळण या दोघांत वाटून द्यावी लागते. पडद्यावरील ब्रेकची पट्टी पाहिली, तर तिचा आकार उभ्या कड्यासारखा सुरू होऊन लांब उतारासारखा संपला पाहिजे. माझी पट्टी पहिले कितीतरी दिवस टेकडीसारखी दिसे, आणि ती बदलली त्याच आठवड्यात माझा वेळ उतरू लागला. एकमेकांपासून एका सेकंदाच्या आत असलेल्या वीस लॅप, एकदाही ट्रॅक न सोडता, सलग मारता आल्या की शर्यतीला उतरावे.

पहिल्या काही शर्यती मुद्दाम शेवटून सुरू कराव्यात. सर्व गाड्या एकाच वेळी पहिल्या अरुंद वळणात शिरतात, आणि पुढच्या गाडीच्या मागे हवा विरळ असल्याने तुमचा वेग वाढलेला व जमिनीवरचा दाब कमी झालेला असतो. सरावात जिथे ब्रेक मारत होता, तिथे मारला तर तुम्ही पुढच्याला हमखास ठोकता. चांगला चाळीस-पन्नास मीटर आधी मारावा. शेजारी गाडी असेल तर तिच्यापुरती जागा शेवटपर्यंत सोडावी, ब्रेक मारताना बाजू बदलू नये, आणि ट्रॅकबाहेर गेल्यास मागचा रस्ता पूर्ण मोकळा झाल्याशिवाय परत येऊ नये, मग पाच गाड्या पुढे गेल्या तरी चालेल. शंकरपटात बैलांची जोडी शेजारच्या धावपट्टीत घुसली तर तिचे कौतुक कुणी करत नाही. इथेही तसेच आहे. चूक आपली असेल तर मागे हटून ती जागा परत द्यावी आणि शर्यत संपल्यावर दोन शब्द लिहून क्षमा मागावी.

टक्कर झालेल्या शर्यतीचे रीप्ले त्याच रात्री पाहावे, आणि ते आपल्या खिडकीतून न पाहता समोरच्या चालकाच्या आसनावरून पाहावे. त्याला आरशात आपण कधी दिसलो, तेव्हा तो वळायला लागला होता का, आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकापर्यंत तरी पोहोचले होते का, हे चित्र थांबवून थांबवून तपासावे, आणि तक्रार नोंदवायची की क्षमा मागायची हे त्यानंतरच ठरवावे.