आइसलंडला जाताना बॅग कशी भरावी

आइसलंडचं तिकीट निघालं की बहुतेकजण आधी जाड, फुगीर जॅकेट घ्यायला धावतात. लडाखच्या वेळचं घरात असेल तर तेच चालेल, असंही वाटतं. पण या दोन थंड्या वेगळ्या आहेत. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे १०-१५ अंशांपर्यंत उतरतो, मात्र हवा कोरडी असते. आइसलंडची राजधानी रेक्याविकचं जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास आणि जुलैचं ११-१२ अंश. आकडे अजिबात घाबरवणारे नाहीत. तिथे माणूस गारठतो तो वाऱ्याने आणि ओलीने. दक्षिणेकडून येणारा उबदार सागरी प्रवाह आणि ग्रीनलंडकडून येणारं थंड पाणी यांच्या मध्ये हे बेट आहे, आणि उत्तर अटलांटिकवरची कमी दाबाची वादळं एकामागून एक त्याच्यावरून जातात. त्यामुळे सकाळी स्वच्छ ऊन, अकराला आडवा पाऊस, दुपारी गारा आणि चारला पुन्हा ऊन, असा दिवस तिथे नेहमीचाच.

शून्य अंशाला ताशी ५० किलोमीटर वारा सुटला की उघड्या कातडीला उणे ८ अंशांसारखं वाटतं. त्यात कपडे भिजले तर संपलंच, कारण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं. म्हणून बॅग भरताना प्रत्येक कपड्याला दोन प्रश्न विचारा: वारा अडवतो का, आणि भिजला तर किती वेळात वाळतो?

पुढचा हिशेब सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या १० दिवसांचा, गाडीने रिंग रोड, म्हणजे बेटाला फेरी घालणारा रस्ता, करणाऱ्या एका माणसासाठी आहे. या काळात रात्री पुरेशा काळोख्या असल्याने ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो, मुख्य रस्ते बहुतेक वेळा मोकळे असतात आणि पाऊस भरपूर असतो.

सगळ्यात वरचा थर आधी ठरवा

पैसे कुठे खर्च करायचे असतील तर इथे. टोपी असलेलं, पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं पातळ जॅकेट घ्या, अस्तराच्या कापसाशिवाय. लेबलवर वॉटरप्रूफ रेटिंग किमान १०,००० मिलिमीटर हवं, १५-२० हजार असेल तर उत्तम. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं जॅकेट रिमझिमीत टिकतं, आडव्या पावसात दहा मिनिटांत खांदे ओले होतात. जॅकेट उलटं करून आतल्या शिवणी बघा: प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी आत येतं. टोपीला मागून-पुढून आवळायची दोरी हवी आणि मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. मनगटाला वेल्क्रो हवा. माप घेताना आत स्वेटर घालून हात वर करून बघा. कंबर उघडी पडली तर एक साइझ मोठा घ्या.

पाठोपाठ लागते ती वॉटरप्रूफ पँट, आणि नेमकी तीच लोक विसरतात. सेल्यालँडफॉसच्या धबधब्यामागून चालत जाताना तुषार खालून-बाजूने येतात, तिथे फक्त जॅकेट घालून गेलेला माणूस मांड्यांपर्यंत भिजून बाहेर पडतो. पँटच्या बाजूला गुडघ्यापर्यंत तरी चेन असावी, म्हणजे बूट न काढता चढवता येते.

छत्री घरीच ठेवा, पाच मिनिटांत तिच्या काड्या मोडतील. पॉन्चोही नको. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात पॉन्चो डोक्यावर उलटतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडचा रबरी रेनकोट पाऊस अडवतो, पण घाम बाहेर जाऊ देत नाही; चढावर माणूस आतून भिजतो आणि थांबल्यावर कुडकुडतो.

अंगालगतचा थर

इथे सुती कपडा चालत नाही. बनियन, सुती टी-शर्ट, सुती लेगिंग घाम शोषतात आणि तासन् तास ओले राहतात. जीन्स तर सगळ्यात वाईट: जड, भिजली की पायाला चिकटणारी, आणि हॉटेलच्या खोलीत रात्रभरातही न वाळणारी. अनेक हिमनदी-सहलींत जीन्स घालून आलेल्याला बर्फावर नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मेरिनो लोकरीचे दोन टॉप आणि दोन लेगिंग घ्या, कापडाचं वजन १५० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर. मेरिनो थोडी ओली झाली तरी ऊब धरते आणि तीन-चार दिवस घातली तरी वास येत नाही, म्हणून दोन जोड्यांत दहा दिवस निघतात. बजेट नसेल तर पॉलिएस्टरचे थर्मल घ्या. तेही चांगलं काम देतात, फक्त वास लवकर येतो, तेव्हा तीन जोड्या ठेवा. थर्मल अंगाला घट्ट बसायला हवेत. ढिले असले तर आत गार हवा फिरते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याचा थर धाग्यांवर बसला की घाम ओढून घेण्याचा गुण जातो.

आईबाबा सोबत असतील तर त्यांच्याशी निघण्याआधी मोकळेपणाने बोला. साडी किंवा लांब कुर्ता आवडीचा असला तरी खालचा काठ पहिल्याच तासात ओला होतो आणि ते गार कापड दिवसभर पोटऱ्यांना लागत राहतं. आईसाठी थर्मल लेगिंगवर पटकन वाळणारी पँट आणि वर कमरेखाली येणारा आखूड कुर्ता हा चांगला मार्ग आहे. बाबांची कानटोपी मात्र जरूर घ्या. वाऱ्यात कान आणि हनुवटी दोन्ही झाकणारी आपली माकडटोपी तिथे उत्तम चालते.

मधला थर

एक फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट), मध्यम जाडीचं. आणि एक हलकं पफर, म्हणजे आत भरण असलेलं फुगीर जॅकेट, शक्यतो सिंथेटिक भरणाचं. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं आणि कोरडं असेपर्यंत जास्त उबदार, पण पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. आइसलंडच्या ओल्या हवेत सिंथेटिकवर जास्त भरवसा ठेवता येतो. पफर नेहमी वॉटरप्रूफ जॅकेटच्या आत जाईल इतकं पातळ हवं. घरी एकदा सगळं एकावर एक घालून बघा. खांद्यात आवळत असेल तर भरण दाबलं जाऊन त्यात हवा उरत नाही, म्हणजे वजन वाहून फायदा शून्य.

पायांकडे दुर्लक्ष नको

घोट्यापर्यंत येणारे, वॉटरप्रूफ पडदा असलेले ट्रेकिंग बूट. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या. जाड मोजे घालून बोटं पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि दोन मोज्यांतही पाय गार पडतो. नवे बूट निघण्याआधी तीन आठवडे तरी रोज तासभर घाला.

माळ्यावर ठेवलेले जुने बूट असतील तर जास्त काळजी घ्या. अनेक बुटांच्या सोलमधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू आतून कुजतो, वापर नसला तरी. मुंबई-कोकणातल्या हवेत चार-पाच वर्षं पडून असलेला बूट वरून नवा दिसतो आणि ऐन चालताना सोल सुटून हातात येतो. टाचेजवळ अंगठ्याने जोरात दाबा: भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट बाद.

लोकरीचे मोजे चार जोड्या. सोबत हॉटेलात घालायला साधे बूट आणि एक जोड रबरी चपला. बूट भिजले तर आतला सुटा तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला, पावसाळ्यात आपण करतो तसंच. थेट हीटरवर ठेवू नका, चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो.

हातमोज्यांच्या दोन जोड्या: आत पातळ लोकरी, वर वॉटरप्रूफ. फोटो काढायला वरचा काढला तरी आतला राहतो. लोकरी टोपी एक, बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) दोन, म्हणजे एक वाळत घातला की दुसरा गळ्यात. मफलर नको, टोकं वाऱ्यात तोंडावर येतात. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी घ्या.

पोहण्याचे कपडे, चांदी आणि केस

थंड देशात जाताना स्विमसूट कोण घेणार, असं वाटेल. पण तिथे जवळजवळ प्रत्येक गावात भूगर्भातल्या ऊर्जेवर गरम ठेवलेला तरणतलाव असतो आणि दिवसभराच्या वाऱ्यानंतर त्यासारखं सुख नाही. पटकन वाळणारा टॉवेलही घ्या. पाण्यात उतरण्याआधी कपड्याशिवाय साबणाने आंघोळ करणं बंधनकारक आहे. शॉवरची जागा स्त्री-पुरुषांना वेगळी, पण अनेक ठिकाणी आत आडोसा नसतो. मनाची तयारी आधीच असू द्या.

रेक्याविकच्या नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. त्याने काही अपाय होत नाही, पण चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीच्या अंगठ्या घरी ठेवलेल्या बऱ्या. प्यायला फक्त थंड नळाचं पाणी घ्या, ते उत्तम असतं. एक रिकामी बाटली न्या, विकत घेऊ नका. ब्लू लगूनसारख्या गरम पाण्याच्या कुंडांत पाण्यातल्या सिलिकाने केस दोन दिवस काथ्यासारखे होतात, म्हणून आधी भरपूर कंडिशनर लावून केस वर बांधा.

खाणं, प्लग, बॅटरी

बाहेरचं जेवण महाग आहे, शाकाहारी माणसाला गावाबाहेर पर्यायही कमी. भाजणी, मेतकूट, पातळ पोहे, शेंगदाण्याची चटणी, इन्स्टंट उपमा हे सगळं हलकं आणि कोरडं. कच्चं मांस आणि न तापवलेल्या दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. लोणचं आणि पातळ चटण्या चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत त्यांना १०० मिलिलिटरचा नियम लागतो. दुबई किंवा अबूधाबीमार्गे जात असाल तर खसखस आणि खसखस घातलेला मसाला अजिबात नको, तिथे त्यावर बंदी आहे. आधी वापरलेलं घोडेस्वारीचं सामानही आइसलंडमध्ये नेता येत नाही, कारण तिथल्या घोड्यांना बाहेरचे आजार नवे आहेत.

वीज २३० व्होल्ट, प्लग दोन गोल पिनांचा. आपले मोबाइलचे दोन पिनांचे चार्जर सहसा बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. युरोपचा अ‍ॅडॅप्टर एक पुरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच लागते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची, म्हणजे १०० च्या मर्यादेत. गारठ्यात कॅमेऱ्याची बॅटरी भराभर उतरते, म्हणून जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. बाहेरून खोलीत येताना कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करून आणा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं.

बॅगेतला क्रम

भारतातून थेट विमान नाही, म्हणजे मधल्या विमानतळावर बॅग मागे राहण्याची शक्यता धराच. वॉटरप्रूफ जॅकेट, एक थर्मल जोडी, एक मोज्यांची जोडी, टोपी आणि औषधं हातातल्या बॅगेत. बूट आणि पफर अंगावर, त्याने चेक-इन बॅगेतलं दीड-दोन किलो वाचतं. केफ्लाविक विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंत जातानाच पहिला वारा लागतो, तेव्हा जॅकेट सुटकेसच्या तळाशी असून उपयोग नाही.

मोठ्या बॅगेत उरलेले थर्मल, दोन पटकन वाळणाऱ्या पँट, तीन सिंथेटिक टी-शर्ट, सहा अंतर्वस्त्रं. प्रत्येक गट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. एक मोठी रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी आणि कपडे वाळवायला चार मीटर दोरी. वॉटरप्रूफ पँट रोज पाठीवरच्या सॅकमध्ये राहील, सुटकेसमध्ये नाही. सॅकलाही आतून जाड पिशवी लावा, कारण बाहेरचं कव्हर वाऱ्यात उडून जातं.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक चाचणी करा. जॅकेट घालून, टोपी आवळून दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. खांदे, चेन आणि कोपर आतून कोरडे राहिले तर ठीक. पाणी आत आलं नाही पण कापडावर थेंब न राहता ते पसरत असेल, तर सौम्य डिटर्जंटने धुवा आणि ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर २० मिनिटं फिरवा. लेबलवर मनाई नसेल तरच. बहुधा थेंब पुन्हा घरंगळू लागतात.

तिथे पोचल्यावर

चालायला सुरुवात करताना किंचित गार वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर घाम येण्याआधी एक थर काढा, आणि थांबल्याबरोबर पफर चढवा, थंडी वाजायची वाट न बघता. रोज सकाळी तिथल्या हवामान खात्याच्या वेदुर या संकेतस्थळावर वारा बघा. आकडे मीटर प्रति सेकंदात असतात, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात: १५ म्हणजे ५४, २५ म्हणजे ९०. पंधराच्या वर असेल तर गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटं वाकण्याचं नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात बहुतेक वेळा धरत नाहीत.

डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर याच यादीत बुटांवर चढवायचे काटे आणि डोक्याला लावायची बॅटरी वाढवा. गावातल्या फुटपाथवरही काचेसारखा बर्फ असतो आणि डिसेंबरात उजेड जेमतेम चार-पाच तास. जून-जुलैत जाणाऱ्यांना काटे नकोत, पण डोळ्यांवर बांधायची पट्टी हवीच, कारण तेव्हा रात्री अंधार पडत नाही. मीवात्न सरोवराकडे जायचं असेल तर चेहऱ्यावर घ्यायची बारीक जाळी ठेवा. त्या नावाचा अर्थच चिलटांचं सरोवर असा आहे.