परदेशात तपासाला निघालेला नायक लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या रहस्यकथा दर पावसाळ्यात माझ्याकडे वाचायला येतात. सोलापुरात घडणाऱ्या कथा बहुधा तग धरतात, कारण गड्डा यात्रेची गर्दी आणि यंत्रमागांचा खडखडाट लेखकाच्या अंगवळणी पडलेला असतो. नायक विमानात बसला की मात्र कथा घसरते, आणि दर वेळी त्याच ठिकाणी घसरते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे परदेशात उतरलेल्या आपल्या अधिकाऱ्याच्या हाती बेड्या देणे. भारतीय पोलिसाला भारताबाहेर अटकेचा अधिकार नसतो. इंटरपोलचे नाव घेऊनही सुटका होत नाही, कारण या संघटनेकडे कोणाला पकडायला स्वतःचे पोलीस नाहीत आणि तिची रेड नोटीस ही अटकेचे वॉरंट नसून सदस्य देशांना केलेली विनंती असते. आपल्याकडे तो व्यवहार सीबीआयमार्फत चालतो. परदेशातून पुरावा मिळवायचा तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ प्रमाणे न्यायालयाचे विनंतीपत्र लागते, आणि आरोपीला आणायचे तर १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याची लांबलचक वाट धरावी लागते.

एका तरुण लेखकाच्या हस्तलिखितात सोलापूरच्या गुन्हे शाखेचा निरीक्षक टेम्सच्या काठावर आरोपीला धोबीपछाड घालून त्याच रात्रीच्या विमानाने मुंबईला आणत होता. मी हरकत घेतली तेव्हा ‘सर, तो हिरो आहे, त्याला कोण अडवणार?’ असे उत्तर मिळाले. अडवणारे पुष्कळ असतात आणि खरी कथा तिथेच असते. बऱ्याच कुरकुरीनंतर त्याने तो प्रसंग पुन्हा लिहिला. आता प्रश्न ब्रिटिश अधिकारी विचारतो, आपला निरीक्षक परवानगीने कोपऱ्यात बसून फक्त चिठ्ठ्या सरकवतो, आणि आरोपी दातओठ खात तेलुगूत जे पुटपुटतो, ते त्या खोलीत सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेल्या या एकट्या निरीक्षकालाच कळते. धोबीपछाडीपेक्षा हे कितीतरी दमदार उतरले.

दुसरी चूक प्रेताची. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उकाड्यात प्रेत लवकर ताठरते आणि लवकर कुजू लागते. थंडीत हे सारे लांबते. तरीही ओस्लोच्या जानेवारीत बर्फात सापडलेल्या प्रेताकडे नुसते पाहून नायक ‘खून बरोबर आठ तासांपूर्वी झाला’ असे ठणकावतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळाचे तापमान आणि अंगावरचे कपडे विचारात घेऊन फार तर अंदाजे कालावधी सांगतो. मी तो कालावधी मुद्दाम सैल ठेवतो, कारण संशयितांच्या ‘मी तेव्हा तिथे नव्हतोच’ या दाव्यांना त्यातच रंग चढतो.

काही छोट्या चुकाही वारंवार दिसतात. ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंड वगळता, गस्तीवरच्या साध्या पोलिसाजवळ पिस्तूल नसते. सायलेन्सरने बंदुकीचा आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस क्षणात कोसळत नाही.

मोबाइलवरच्या नकाशात बोट फिरवून लंडनची गल्ली सापडते, म्हणून उतावळ्या लेखकांना लंडन कळल्यासारखे वाटते. तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे जूनच्या कथेत ‘संध्याकाळी सातचा काळोख’ दिसला की मी वाचन तिथेच थांबवतो.

प्रत्येक प्रकरणाच्या समासात तारीख, दोन्ही गावांची वेळ आणि नायकाला ते काम करण्याची परवानगी कोणी दिली, हे पेन्सिलने लिहावे. तिसरी जागा कोरी राहिली असेल, तर ते प्रकरण माझ्याकडे पाठवण्याची घाई करू नये.