एक मशीन साफ केलं, दोन दिवसांत परत तेच: दुकानाच्या लॅनमधला वर्म कसा काढावा

"दादा, तीन नंबरचं मशीन परत हँग व्हायलंय बघा." पीक विम्याच्या गर्दीत परभणीतल्या एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातून फोन आला. ते मशीन मी दोनच दिवसांपूर्वी फॉरमॅट करून दिलं होतं. चूक माझी. साफ केलेलं मशीन मी त्याच स्विचला, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी येतात त्या डब्याला जोडलं आणि लॅनमधल्या, म्हणजे दुकानातल्या या आपसातल्या जाळ्यातल्या, बाकीच्या चार मशीनकडे बघितलंच नाही. बोंडअळीसाठी एकट्यानं फवारायचं आणि शेजारचं रान तसंच सोडायचं, त्यातला प्रकार.

साधा व्हायरस फाईलला चिकटतो. ती फाईल कुणीतरी उघडावी लागते. वर्म म्हणजे नेटवर्कमधून आपणहून पसरणारा किडा; त्याला कुणाच्या क्लिकची वाट बघावी लागत नाही. मराठीत वर्म म्हणजे दुखरी जागा, आणि हा किडाही तीच हुडकतो. आपल्या मशीनचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर तो १ पासून २५४ पर्यंत एकेक पत्ता ठोठावत जातो. दार बहुतेक वेळा पोर्ट ४४५ चं, विंडोज जिथून फाईल आणि प्रिंटर शेअर करतं ते. आत शिरायला त्याला अपडेट न केलेली त्रुटी किंवा सोपा पासवर्ड पुरतो. २००८ च्या कॉन्फिकर नावाच्या वर्मनं दोन्ही वापरले, वर पेनड्राइव्हही. १२ मे २०१७ ला पसरलेल्या, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या वॉनाक्रायनं जी त्रुटी वापरली, तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. म्हणजे दार बंद करायला दोन महिने होते.

आता काम. फाईलींची नावं आपोआप बदलत असतील तर काही तपासत बसू नका, सरळ स्विचची विजेची पिन ओढा. वायफायही बंद करा. कोपऱ्यातला लॅपटॉप वायरवर नसला तरी त्याच लॅनमध्ये असतो.

एवढी घाई नसेल तर वायर काढण्याआधी दोन मिनिटं द्या. प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटस्टॅट', स्पेस, डॅश, 'एएनओ' असं इंग्रजीत टाइप करा. निरोगी मशीनवर पोर्ट ४४५ च्या एखाद-दोन ओळी दिसतील, प्रिंटरच्या मशीनकडे गेलेल्या. रोगी मशीनवर .७, .८, .९, .१० अशी पत्त्यांची रांगच लागते, प्रत्येकापुढे ४४५ आणि 'सिन सेंट', म्हणजे हाक मारली, उत्तर नाही. परभणीत ही रांग सापडली ती पासपोर्ट फोटो छापायच्या जुन्या विंडोज ७ वर. "त्याच्यावर कुठं काय काम असतंय," म्हणून ते कुणी मोजलंच नव्हतं. विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबली. असं मशीन ठेवायचंच असेल तर लॅनबाहेर ठेवा, फोटो छापायला त्याला नेट लागत नाही.

साफसफाई एका वेळी एकाच मशीनची. नेट लागेल तेव्हा लॅन नको; मोबाईल यूएसबी केबलनं जोडून त्याचं नेट द्या, म्हणजे शेजारची मशीन त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस, अपडेट करा, मग त्यातला ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे किड्याला लपायला जागा राहत नाही. नंतर विंडोजची सगळी अपडेट. स्कॅननंतरही रांग दिसली तर डेटा काढून घ्या आणि फॉरमॅट मारा, उगीच जीव लावू नका.

जोडण्याआधी दारं लावा. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १ ची, म्हणजे फाईल शेअर करायच्या जुन्या पद्धतीची, खूण काढा. शेअर फोल्डरवर 'एव्हरीवन' आणि 'फुल कंट्रोल', म्हणजे कुणीही या, काहीही करा, असं असेल तर ते काढा. पाचही मशीनला एकच पासवर्ड, तोही १२३४, हे तर कुलपाची किल्ली कडीलाच अडकवण्यासारखं. ज्या मशीनवरून काही शेअर करायचं नाही, तिथं नेटवर्क 'पब्लिक' ठेवा. बाहेरून येणारी ठोठावणी विंडोज स्वतःच अडवतं. प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर तो थेट स्विचला लावा, निम्मी शेअरिंगची गरजच संपते. गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचंच असेल तर राउटरचं गेस्ट नेटवर्क द्या.

राहिला पेनड्राइव्ह. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. एक मशीन त्याच्यासाठीच ठेवा, लॅनला न जोडलेलं. 'सातबारा' नावाच्या फोल्डरवर छोटा बाण दिसला तर तो फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. खरा फोल्डर लपवलेला असतो. डबल क्लिक करू नका. आधी स्कॅन, मग लपवलेल्या फाईली दाखवायची खूण, मग कॉपी.

शेवटी मशीन परत जोडताना एकेक जोडा. एक जोडलं की नेटस्टॅट बघा, चहा घ्या, परत बघा, मग दुसरं. परभणीत पाचपैकी चार मशीन जोडायला दुपार गेली, आणि रांगेतले दोन काका "उद्या येतो" म्हणून गावाकडं निघून गेले.