सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलताना या चुका टाळा

अप्रायझलची लेटर्स आली की ऑफिसात सगळे गप्प होतात आणि त्या गप्प बसण्याचा फायदा कंपनीलाच होतो, कारण कुणाला किती मिळतंय हे एचआरला माहीत असतं, आपल्याला नसतं. म्हणून एकमेकांशी बोलाच. पण अर्धवट बोललं की नुसतं मन खट्टू होतं, पदरात काही पडत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एकजण सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगतो आणि दुसरा इन-हँड, म्हणजे महिन्याला हातात पडणारा पगार. आणि दोघांनी इन-हँड सांगितला तरी घोळ होतोच. समजा दोघांचं वर्षाचं पॅकेज ६ लाख, महिन्याचा बेसिक (मूळ पगार) २५,०००. एकाचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापतात, म्हणजे त्याचे १,८०० आणि कंपनीचे १,८००. दुसऱ्याचा पूर्ण बेसिकवर, ३,००० आणि ३,०००, आणि दोघांचाही कंपनीचा हिस्सा सीटीसीतच धरलेला. महिन्याला हातात २,४०० चा फरक पडला, पण अन्याय कुणावरच नाही, दुसऱ्याचे पैसे पीएफमध्ये साठतायत. त्यात ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के, इन्शुरन्स, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, कमी-जास्त होणारा भाग) असं बरंच काही सीटीसीत घुसवलेलं असतं. म्हणून बेसिक किती, फिक्स्ड किती आणि व्हेरिएबलमधले गेल्या वर्षी खरंच किती आले एवढं विचारा.

चाकण-भोसरीकडे कंपनीत असाल तर ओटी (ओव्हरटाइम) बाजूला काढून पगार सांगा, नाहीतर बारा तास राबणाऱ्याचा पगार आठ तासवाल्याला मोठा वाटतो. आणि ओटीचा रेट तर नक्की विचारा, कारखान्यात तो दुप्पट असायला पाहिजे.

"तुला किती रे?" असं डायरेक्ट विचारू नका, आधी स्वतःचा आकडा सांगा, समोरचा आपोआप मोकळा होतो. कँटीनमध्ये चारचौघांत नको, ऑफिसच्या मेलवर किंवा चॅटवर तर अजिबात नको. ऑफर लेटरमध्ये पगार गुप्त ठेवायची अट आहे का तेपण आधी बघून घ्या. पगारावर बोलणं तुमचा कायदेशीर हक्क आहे असं सांगणारे रील्स फिरतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या १९३५ च्या कायद्याबद्दल असतात, आपल्याकडे इतकं थेट संरक्षण नाही.

मॅनेजरसमोर "अमक्याला जास्त मिळतात" म्हणालात की संपलं, पगार वाढायचा राहतो आणि ज्याने विश्वासाने सांगितलं तो मात्र अडकतो. नाव घेऊ नका. माझं काम हे, अनुभव एवढा, मार्केटमध्ये या पोस्टला एवढं देतात, असं बोला.

एकच गोष्ट वेगळी आहे. सारख्याच कामाला बाईला कमी पगार दिसत असेल तर तो फक्त नशिबाचा किंवा निगोशिएशनचा प्रश्न म्हणून सोडू नका, ते १९७६ पासून बेकायदा आहे आणि आता वेतन संहिता २०१९ मध्येही तेच आहे. अशा वेळी दोघांचं काम, पद आणि अनुभव लिहून काढा, आपल्या स्लिपा जपून ठेवा आणि एचआरला तोंडी न सांगता लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे.