सुगंधी चाफा घ्यायचाय? मग या चुका टाळा

दरवर्षी मे महिना आला की कोणी ना कोणी फोटो पाठवतंच, "हा चाफा बघ ना, फुलं भरभरून येतात पण वासच नाही, कुठलं खत घालू?" (चाफा म्हणजे इथे देवळाजवळ असतो तो चीक येणारा, सोनचाफा नाही.) खत घालून वास येत नाही हो! ज्या जातीला वासच नाही तिला शेणखत घाला नाहीतर गुलाबपाणी शिंपडा, फरक शून्य. वास झाड घेतानाच बघायचा असतो आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते नर्सरीत "नागचंपा" म्हणून विकतात त्या चाफ्याला. याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया पुडिका. पान नागाच्या फण्यासारखं, पांढऱ्याशुभ्र फुलांचे गुच्छ, जवळजवळ वर्षभर फुलतो, म्हणून मुंबईत नव्या टॉवरच्या गेटपाशी नि रस्त्याच्या दुभाजकावर सगळीकडे हाच. दिसायला सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण वास जवळजवळ नाहीच. आणि नाव ऐकलं की लोकांच्या डोक्यात नागचंपा अगरबत्ती येते, मग काय, नाक वापरायची गरजच संपली. (खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, ते वेगळंच मोठं झाड आहे, कुंडीत वगैरे विसरा.)

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाकांच्या मागे चाफ्याची रांग लावायचं ठरलं, संध्याकाळी आजी-आजोबा बसतात तर छान वास येईल म्हणून. कमिटीतले दोघं घोडबंदर रोडला जाऊन टेम्पो भरून झाडं घेऊन आले. मी आधीच म्हणत होते की एक फूल हुंगून तरी बघा, पण घाऊक भावात डिस्काउंट मिळत होता ना. पुढच्या उन्हाळ्यात रांग अशी फुलली की येणारे-जाणारे सेल्फी काढायला लागले. मग तळमजल्यावरच्या काकू पूजेला फुलं घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत परत खाली, "अगं याला तर काहीच वास नाही!" सेक्रेटरी काकांनी नर्सरीत फोन केला तर "पाऊस पडला की येईल". पाऊस पडला. मग "झाड मोठं झालं की येईल". मग कोणीतरी बोनमील (हाडांचं खत) आणलं, कोणीतरी ताक ओतलं, फुलं अजून वाढली. शेवटी मागच्या गल्लीतल्या देवळाजवळच्या जुन्या चाफ्याच्या दोन फांद्या मागून आणून कोपऱ्यात लावल्या, आता सकाळी भांडणं होतात ती त्या दोन झाडांच्या फुलांवरून.

दुसरी चूक म्हणजे भर दुपारी नर्सरीत जाऊन "वास नाही" म्हणणं. चाफ्याच्या फुलात मध नसतो, तरी रात्री फिरणारे मोठे पतंग वासाला भुलून येतात, त्यामुळे वास खरा सुटतो तो संध्याकाळनंतर. दुपारी दोनला रविवारची शॉपिंग उरकताना हुंगलं तर चांगली जातसुद्धा फिकी वाटणार. मी संध्याकाळी उशिरा जाते नाहीतर नर्सरी उघडताच, आणि नुकतंच पूर्ण उमललेलं फूल हुंगते, कोमेजलेलं नाही. फूल नसेल तर झाड घेत नाही. नर्सरीवाला हसतो, हसू दे. राणीच्या बागेत थंडीत फुलांचं प्रदर्शन असतं तिथून उत्साहात चाफा आणू नका, त्या दिवसांत बहुतेक चाफे म्हणजे नुसत्या काठ्या, काय हुंगणार?

मग घ्यायचा कुठला? आपला देवळातला, पांढरा आणि मध्ये पिवळा, तो सहसा निराश करत नाही. मधे गडद पिवळा आणि कडेला पांढरा असा एक येतो, हवाईत माळांना वापरतात तो सेलाडीन त्यातलाच, त्याला छान लिंबासारखा वास असतो. पानाचं टोक गोल आणि पानं वर्षभर हिरवी असलेला सिंगापूर चाफा पण मस्त, थंडीत उघडा पडत नाही म्हणून बाल्कनीला बरा. लाल आणि थाई हायब्रीडचा मात्र काही नेम नाही, एखाद्याला गुलाबासारखा सुंदर वास, शेजारच्याला काहीच नाही. रंग बघून पाचशे-हजार देणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

ऑनलाइन बिया घेऊ नका. बियांपासून झालेलं झाड आईसारखं निघेल याची गॅरंटी नाही, फुलं यायला सहज तीनेक वर्षं, आणि निळा चाफा हा प्रकार जगात नाहीये, तो फोटो एडिट केलेला असतो. पुढच्यांना पण सांगा.

फांदी किंवा कलम, बस. ज्या झाडाचा वास आवडला त्याची फूट-सव्वाफूट लांब, करड्या सालीची फांदी उन्हाळ्यात मागून घ्या (मागून, रात्री तोडून नाही), चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि सावलीत दहा-पंधरा दिवस नुसती पडू द्या. इथेच उतावळ्यांचं घोडं अडतं. तोडली की लगेच मातीत खोचतात, वर रोज पाणी, मग आठवड्याभरात खालून मऊ पडून सडते आणि "माझ्या हाताला चाफा लागत नाही" म्हणतात. रोज उपटून मुळं आलीत का बघणारे पण भेटलेत मला, त्यांनी मनी प्लांट लावावा.

पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. पानांच्या मागे शेंदरी पावडर दिसली तर तो तांबेरा, पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही.

नवीन झाडाच्या पहिल्या फुलांना वास कमी आला तर लगेच रडू नका, पुढच्या बहरापर्यंत थांबा. पण पान फण्यासारखं असेल तर थांबू नका.

आणि घरात पाच-सहा तास ऊन येत नसेल तर यातलं काहीच करू नका, सोसायटीच्या गच्चीची परवानगी काढा आधी.