बोअर कोरडा, तरी आणखी पन्नास फूट: निर्णय घेताना या चुका टाळा

मी बेळगावात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. शहापुरातलं साड्यांचं एक दुकान, उद्यमबागेतली एक फाउंड्री, मार्केट यार्डातले दोन अडते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या बघून एक गोष्ट लक्षात आली. बेरीज चुकली की संध्याकाळपर्यंत सापडते. निर्णय चुकला तर वर्षानुवर्षं सापडत नाही, कारण ज्यानं घेतला त्याला तो बरोबरच वाटत असतो.

म्हणून 'नीट विचार करून ठरवा' हा सल्ला मी कुणाला देत नाही. चुकणारा माणूसही आपल्या परीनं नीट विचारच करत असतो. खालच्या चुकांवरचे बहुतेक उपाय कागद-पेनाचे आहेत. एक मात्र चक्क कन्नडमधला आहे.

गेलेल्या पैशामागे आणखी पैसा घालणं

रायबाग तालुक्यात माझ्या मावसभावाचं चार एकर कोरडवाहू रान आहे. मागे एका एप्रिलात त्यानं बोअर मारायचं ठरवलं. अंदाज तीनशे फुटांचा, पैशाची सोयही तेवढीच. मी गेलो तेव्हा तामिळनाडूची गाडी उभी होती आणि तिच्यावरची पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी झाली होती. खालून नुसता दगडाचा भुगा उडत होता, ओल कुठंच नाही. तीनशेला मशीन थांबवून गाडीवाल्यानं भावाकडं बघितलं. भावानं बोट वर केलं, "आणि पन्नास."

साडेतीनशेला मी म्हटलं, "बस कर आता."

"दादा, एवढं घातल्यावर आता सोडून कसं चालतंय? घातलेले पैसे वाया जातील की."

चारशेऐंशीला थांबला, तेही खिसा संपला म्हणून. पाणी लागलं नाहीच, पैसे मात्र पाण्यात गेले. त्यात बोअरचा दर खोलीबरोबर वाढत जातो. म्हणजे ज्या फुटांची आशा सगळ्यात कमी, तेच सगळ्यात महाग.

थांबला असता तरी पहिल्या तीनशे फुटांचे पैसे गेलेलेच होते, पुढं गेला तरीही गेलेलेच. प्रश्न फक्त पुढच्या पन्नासांचा होता. 1985 साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक काल्पनिक पेच घातला. तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक शंभर डॉलरची आणि एक पन्नासची. पन्नासवालीत जास्त मजा येणार हे तुम्हाला माहीत आहे. नंतर कळतं की दोन्ही एकाच दिवशी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठं जाल? निम्म्याहून जास्त जणांनी शंभरवाली निवडली. कमी मजेची सहल, का तर तिचे पैसे जास्त मोजले होते.

अशा वेळी मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतो. हा तीनशे फुटांचा कोरडा खड्डा कुणी तुम्हाला आज फुकट दिला असता, तर इथून पुढं खणायला तुम्ही खिशातले पैसे काढले असते का? न चालणारी दुकानाची शाखा, तिसऱ्यांदा इंजिन उतरवलेला टेम्पो, सात वर्षं चाललेला बांधाचा दावा, सगळीकडं हाच प्रश्न लागू पडतो. आणि थांबायचा आकडा गाडी यायच्या आधी लिहायचा. मशीनच्या आवाजात, शेजारपाजार भोवती उभा असताना लिहिलेल्या आकड्याला काही किंमत नसते.

समोरच्याच्या आकड्यावरून मोजायला लागणं

माझे एक गिऱ्हाईक वेंगुर्ला रोडकडं प्लॉट बघायला गेले. जाताना मला म्हणाले होते, गुंठ्याला अकरा लाखांच्या वर जायचं नाही. एजंटानं गाडीतून उतरता उतरता सांगितलं, "मालक अठरा म्हणतोय, बघा बाबा." संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. पंधराला सौदा झाला होता आणि तीन लाख तोडले म्हणून स्वारी खूश होती. अकरा हा आकडा दुपारी कुठं गेला ते त्यांनाही सांगता आलं नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली छापलेला प्रयोग हेच दाखवतो. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचे. ते मुद्दाम 10 वर किंवा 65 वर थांबेल असं केलेलं होतं. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांतल्या देशांपैकी आफ्रिकेतले किती टक्के? चक्र 10 वर थांबलेलं बघणाऱ्यांचा मधला अंदाज 25 आला आणि 65 बघणाऱ्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. एजंटाच्या आकड्याचा तर प्लॉटशी थोडाफार संबंध असतो, म्हणून तो जास्तच चिकटतो.

उपाय साधा आहे, खरं घरातून निघायच्या आधी करायला लागतो. आजूबाजूला खरोखर नोंदणी झालेले दोन-तीन व्यवहार शोधून काढा, त्यावरून आपला आकडा ठरवा, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. समोरून आकडा आला की काही बोलण्याआधी चिठ्ठी काढून वाचा. लाज वाटेल. मला अजूनही वाटते.

टक्का बघणं, रुपया विसरणं

महाराष्ट्रातून सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून इकडच्या, कर्नाटकातल्या पंपावर पेट्रोल भरायला येणारी माणसं निपाणीत नवी नाहीत. लिटरमागे चार रुपये वाचतात असं धरलं आणि मोटारसायकलीत पाच लिटर मावलं, तर वाचतात वीस रुपये. तोच माणूस घराच्या फरशीच्या बिलात दोन हजारांवर पाणी सोडतो, कारण 'एवढ्या मोठ्या कामात दोन हजाराचं काय?' कानेमन-ट्वर्स्कींच्या 1981च्या प्रयोगात 15 डॉलरच्या वस्तूवर 5 डॉलर वाचत असतील तर वीस मिनिटं गाडी चालवायला 68 टक्के तयार होते. 125 डॉलरच्या वस्तूवर तेच 5 डॉलर वाचत असताना 29 टक्के. वीस मिनिटं तीच आणि पाच डॉलरही तेच. बिल केवढंही असो, वाचणारा रुपया सुटा काढून बघावा.

डोळ्यासमोर आहे तेवढंच खरं धरणं

गेल्या वर्षी रताळ्याला दर लागला की यंदा सगळं शिवार रताळ्याचं. यार्डात पोती आली की काय होतं ते अडत्यांना विचारा. ठळक आठवतं ते नेहमीचं असावं, असं मन धरून चालतं.

नारळ हातावर ठेवून पाणी दाखवणाऱ्यांचंही तसंच. ज्यानं दाखवलेल्या जागी पाणी लागलं तो शेतकरी दहा गावांत सांगत फिरतो. कोरडा गेलेला बोअर दगड ठेवून झाकतात आणि त्यावर कुणी बोलत नाही. म्हणून मी एवढंच विचारायला सांगतो, दगड किती आहेत? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं 1960 साली लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला. बहुतेकांनी 'दोन-दोननं वाढतात' असं धरलं आणि त्याच धाटणीचे आकडे सांगून स्वतःची खात्री करून घेतली. नियम इतकाच होता की आकडे चढते हवेत. आपलं चुकतंय का हे बघायला 1, 2, 3 एवढं विचारून बघणं पुरलं असतं.

घर बांधायला किती दिवस लागतील हा अंदाजही याच घरातला, पण त्यावर जास्त लिहीत नाही. कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील म्हटलं होतं, लागले 55 (हा अभ्यास 1994चा). गवंड्याला विचारू नका, ज्यांचं घर नुकतंच झालं त्यांना विचारा.

प्रश्न ज्या शब्दांत आला, त्याच शब्दांत उत्तर देणं

आता कन्नडचं. रोगानं 600 माणसं मरणार आहेत, असं सांगून कानेमन-ट्वर्स्कींनी दोन उपाय पुढं ठेवले. पहिल्यात 200 नक्की वाचतील. दुसऱ्यात तीनात एक शक्यता सगळे वाचण्याची, नाहीतर कुणीच नाही. 72 टक्के लोकांनी पहिला घेतला. दुसऱ्या गटाला तेच उलट्या शब्दांत सांगितलं, पहिल्या उपायात 400 नक्की मरतील. तर 78 टक्के जुगार खेळायला तयार! 2012 साली शिकागो विद्यापीठातल्या बोआझ केसार यांच्या गटानं असाच पेच लोकांना मागाहून शिकलेल्या परक्या भाषेत घातला. तेव्हा शब्दांचा हा खेळ चालेना, दोन्ही मांडण्यांना उत्तरं जवळपास सारखी आली. परक्या भाषेत शब्द तेवढे काळजाला भिडत नाहीत, असं एक कारण सांगतात.

आपल्या भागात ही सोय घरबसल्या आहे. माझं कन्नड बाजारापुरतं. 'एष्टु', 'बेडा', 'साकु' आणि आकडे. पण मोठा खर्च असला की मी तो मनात त्या मोडक्या कन्नडमध्ये मांडतो. त्या भाषेत मला 'घराण्याची इज्जत' म्हणता येत नाही, 'एवढं केलं आता' म्हणता येत नाही. फक्त किती, नको आणि पुरे. ज्यांच्या घरात लहानपणापासून दोन्ही भाषा आहेत त्यांना हा उपाय बहुधा लागू पडणार नाही. त्यांनी कागदच धरावा.

निकालावरून निर्णय जोखणं

यंदा मार्चमध्ये भावानं दुसरा बोअर मारला. या वेळी आदल्या रात्री कॅलेंडरच्या मागं लिहिलं, 'साडेतीनशे, पुढं नाही', आणि कॅलेंडर बायकोच्या हाती दिलं. साडेतीनशेला पाणी नव्हतं. वहिनीनं कॅलेंडर दाखवलं, भावानं गाडीवाल्याला "साकु" म्हटलं आणि गाडी गेली.

पंधरा दिवसांनी बांधाला लागून असलेल्या रानात शेजाऱ्याला तीनशेऐंशीला पाणी लागलं, दोन इंची. आता गावात जो तो म्हणतोय, आम्ही तर तेव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिथंच होतो. असं कुणीही सांगितलं नव्हतं. उलट दोघं-तिघं 'थांब' म्हणत होते.

भावानं फोन केला. "चुकलं काय रे दादा माझं?"

मी त्याला कॅलेंडरचं मागचं पान वाचायला लावलं. एप्रिलात खत आणि बियाणासाठी किती ठेवायचे ते आकड्याखालीच लिहिलं होतं, आणि तेवढे पैसे अजून बँकेत होते. "मग नाही चुकलं," मी म्हटलं.

मावशीला ते काही पटलेलं नाही. गेल्या आठवड्यात गेलो तर चहा दिला, खरं साखर विसरली.